मागची वाट

सावंतभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी मागची वाट विचारायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, हातात प्रसादाचा द्रोण, आणि मला म्हणतात, "वैनी, मागची वाट खंय?" आता मुलुंडच्या चाळीत दोन खोल्यांना मागची वाट मी कुठून आणू? म्हटलं, "भाऊ, मागे मोरी आहे." त्यांनी मोरीच्या खिडकीचे गज हलवून बघितले, मगच शिरा तोंडात घातला.

मी तेव्हा जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. सावंतभाऊ आधी गिरणीत आग विझवणाऱ्यांत होते. संपात गिरणी गेली, तसे आमच्याकडे लागले. वाळूच्या बादल्या, आग विझवायची लाल नळकांडी आणि प्रत्येक जिन्यापाशी लावलेला सुटकेचा नकाशा, सगळं त्यांच्याकडे. वॉर्डातलं एक कपाट सरकलं तरी नकाशा नवा काढायचे. "नकाशो भातासारखो. शिळो झालो काय बाधता." कुणी सहज म्हणालं, "आज वाट लागली रे," तर त्याला थांबवून सांगायचे, "वाट लागली तर बरा. लागाक नाय तर मेलंस."

महिन्याला सराव असायचा. खोटा पेशंट व्हायला कुणी तयार नाही, म्हणून त्यांनी कोंड्याचं पोतं लुगड्यात गुंडाळलं आणि नाव ठेवलं आजी. तिला चादरीच्या झोळीतून जिना उतरवायचा. एकदा वॉर्डबॉयच्या हातून सुटली, तर त्याला पोत्याच्या पाया पडायला लावलं.

मग मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या मजल्याच्या मागच्या दाराला कुलूप घातलं. नातेवाईक अवेळी तिथूनच घुसायचे ना. पुढच्या सरावाला आजी कुलपापाशी अडकली. सावंतभाऊंनी तिला तिथेच ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

"सायबानु, आजी गेली. उद्या खरी म्हातारी हयसर अडाकली तर?"

"अहो, पण कुलूप काढलं तर दारावर बसणार कोण?"

"मी बसतंय."

कुलूप निघालं. तेव्हापासून ड्युटी सुटली की हे स्टूल घेऊन त्या दारात. आम्ही हसायचो, आजीला सोबत देतायत म्हणून.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. भेटीची वेळ केव्हाच संपलेली. मागच्या जिन्याने एक म्हातारे गृहस्थ पेजेचा डबा घेऊन चढत होते. सावंतभाऊंनी गुपचूप स्टूल सरकवलं. "जावा. चपला हातात घेवा."

मी म्हटलं, "भाऊ, कुणाला सोडू नका म्हणूनच तुम्हाला बसवलंय ना? डॉक्टरांना कळलं तर पुन्हा कुलूप पडेल."

"आग लागली तर ही भायर जावची वाट," ते म्हणाले. "तवसर आत येवची."

चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"माझ्या बायलेच्या टायमाक माका वर सोडूक नाय, वैनी. खाली वाट बघीत ऱ्हवलंय. मगे वरसून सांगूकच इले."

आतून डब्यावर चमचा वाजत होता. ते गृहस्थ बाहेर येईपर्यंत मी पुढच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, डॉक्टर येतायत का बघत.