उंबरठ्यावरचं अंडं

मेश्रामकाका ज्याच्या उंबरठ्यावर उकडलेलं अंडं ठेवत, तो माणूस पुढे खोकायला लागे. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत याबद्दल कुणाला शंका नव्हती.

काका दवाखान्यात रक्त तपासत. भिलाईत तेव्हा भट्ट्या उभ्या राहत होत्या आणि कामावर घेण्याआधी प्रत्येकाचं बोट टोचलं जाई. काकांना चेहरे आठवत नसत. नळावर कुणी जयभीम केला, की ते त्याच्या बोटांकडे बघत म्हणत, "हं, तुमचे लिम्फोसाइट चांगले हाय."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून एकदा त्यांनी मला समजावलं. "पांढऱ्या पेशीत लिम्फोसाइट म्हंजे घरचे. मोनोसाइट म्हंजे पाहुणे. घरच्यांच्या मानानं पाहुणे वाढले, का मले टीबीची भीती वाटते. डॉक्टर म्हणते, एक्स-रेबिगर बोलू नका. म्हून बोलत नाही. अंडं ठेवतो. ताकद तर येते."

शेजारच्या साहूबाई ते अंडं झाडूने गटारात लोटत. दारात अंडं म्हणजे करणी. दीक्षा घेतल्यापासून काकांनी गंडेदोरे सोडले होते. अंड्याचा असा अर्थ निघेल, हे त्यांच्या मनातच येत नसे. "लोकाले अंडं आवडत नाही का जी?" ते मला विचारत.

मग दवाखान्यातल्या टायपिस्टच्या जागेसाठी माझं रक्त घेतलं.

दोनेक दिवसांनी पहाटे दार उघडलं, तर उंबरठ्यावर अंडं. अजून कोमट. पायरीवर रात्रीतून लाल धूळ बसलेली. तिच्यात चपलांचे ठसे आमच्या दारापर्यंत आलेले, परत गेलेले नव्हते. काका भिंतीला लागून उभे होते. माझा श्वास ऐकत.

आई बाहेर आली. "आमच्या दारात कावून ठेवलं, भाऊ? पोरीचं लग्न व्हायचं हाय."

"एक्स-रे काढून घ्या, बाई," एवढंच बोलून ते गेले.

अंडं मी दाराआड खाल्लं. त्यानंतर स्वतःच्या छातीत कुणी वावरतंय का, हे मी सारखी ऐकत राहिले. आईने ठरत आलेली सोयरीक थांबवली.

एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टर हसले. "मेश्राम, पुन्हा चुकलात."

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुष्कळदा चुकतात. जे खोकत नाहीत, ते लोकांच्या लक्षात राहत नाहीत."

संध्याकाळी काका आमच्या दारात आले. धुतलेला सदरा, केस नीट बसवलेले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

"चुकलो, बाई," परीक्षेचा निकाल सांगावा तसं ते म्हणाले. मग खाली बघत, "घरी सांगाले कोणी नाही. म्हून इथं आलो."

आई बराच वेळ दार अडवून उभी होती. मग ती बाजूला झाली.