गाडीला हात लावू नका

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या एकलहऱ्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वीज केंद्राच्या स्टोअर्समध्ये मी सोळा वर्षं काढली आहेत. तिथे साधा बोल्ट हवा असला तरी तीन प्रतींत मागणी लागते आणि त्या तिन्ही प्रती माझ्या टेबलावरून जातात. कॉलनीत कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या मुलीचा दाखला अडला, की माणसं माझ्या दारात. म्हणून माझी स्वतःची मारुती चोरीला गेली तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

"सुवर्णा," मी बायकोला म्हणालो, "चोराला कल्पना नाही त्याने कुणाची गाडी नेली. विमा आहे. पै न पै वसूल करतो बघ."

"चोराला कल्पना कशाला पाहिजे? त्याला गाडी पाहिजे होती," सुवर्णा म्हणाली.

आता गाडी गेली कशी, तेही सांगतो. माझे सासरे गोटीराम, म्हणजे आमचे मामा, यांचा मखमलाबादला मळा आहे. खरीपात टोमॅटो, मेथी आणि दसऱ्यासाठी झेंडू. सन दोन हजारच्या दसऱ्याच्या नेमक्या आदल्या दिवशी त्यांचा टेंपोवाला आलाच नाही. मग झेंडू माझ्या मारुतीत भरला. मागच्या सीटवर झेंडू, डिकीत झेंडू, सुवर्णाच्या मांडीवर झेंडू. फुलबाजारापाशी गाडी लावली आणि मी काचा वर करायला लागलो, तर मामांनी माझा हात धरला.

"काचा उघड्या ठेवा, जावईबापू. फुलं घामेजतात."

जावयाने सासऱ्याचा शब्द मोडायचा नसतो. मी काचा उघड्या ठेवल्या. भाव विचारून दहा मिनिटांत परत आलो, तर गाडीही नाही आणि फुलंही नाहीत.

नवव्या दिवशी गाडी घोटीच्या पुढे एका भाताच्या गिरणीमागे पाण्याच्या चारीत सापडली. बॉनेट चेपलेलं, एक दिवा फुटलेला, उजवा दरवाजा आत गेलेला, सीटा फाटलेल्या, टेप गायब. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, 'वाहन पुढून किरकोळ चेपलेले मिळून आले.' किरकोळ! मी जमादारांना सविस्तर लिहा म्हणालो, तर ते म्हणाले, सविस्तर पाहिजे असेल तर सोमवारी या. मला गाडी सोडवायची घाई झाली होती. मी सही केली.

मामांची अवस्था मात्र वाईट होती. काचा उघड्या ठेवायला आपण सांगितलं, हे त्यांच्या मनातून जाईना. दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्यावर आला. सासूबाई रंगूबाई, म्हणजे आमच्या मामी, रोज सुवर्णाला फोन करून रडायच्या. आणि सुवर्णाने मला स्पष्ट सांगितलं, "विम्याचे पैसे आले तर ठीक. नाही आले तर आहे तशी गाडी विकून टाकायची आणि पुन्हा स्कूटर. दादांना रोज ती मोडकी गाडी दिसायला नको." वडिलांना ती दादा म्हणते.

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, शुक्रवारी चार वाजता सर्व्हेअर येतील, गाडी बघतील आणि रक्कम ठरवतील. तोवर गाडी जशी आहे तशीच राहिली पाहिजे. आता आमच्या कॉलनीत चिमणीची राख पडते. संध्याकाळी उभी केलेली पांढरी गाडी सकाळी करडी होते. म्हणून मी गाडी टेंपोवर घालून मामांच्या मळ्यात ठेवली आणि त्यांना नीट समजावलं.

"मामा, शुक्रवारी विम्याचे साहेब गाडी बघायला येणार. बघून रक्कम ठरवणार. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"बघून ठरवणार?" मामांनी विचारलं.

"हो. बघूनच."

"मंग बरं हाय," मामा म्हणाले, आणि गाडी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सबंध भाकरी खाल्ली. मला फार बरं वाटलं.

शिवाय मी खबरदारी म्हणून ऑफिसातल्या एका मित्राचा कॅमेरा आणला होता. फोटो काढायचे म्हटल्यावर मामा आत गेले ते नवं धोतर आणि फेटा चढवूनच आले. मामींनी इरकल नेसली. मी बॉनेटचा फोटो घेतला, दरवाजाचा घेतला, फुटलेल्या दिव्याचा घेतला. माझी ड्यूटीची वेळ झाली होती, एक डोळा घड्याळावर होता. तसाच निघालो आणि वाटेत रविवार कारंज्यापाशी रोल धुवायला टाकला.

त्या आठवड्यात आमच्याकडे एक युनिट दुरुस्तीला बंद होतं. रजा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खुर्चीत बसलो तरी मन मळ्यात. सोमवारी दुपारी ऑफिसातून फोन लावला.

"मामी, गाडीला कोणी हात लावला नाही ना?"

"नाय हो जावईबापू, कोण लावतंय? नुसती पुसली."

"पुसली?"

"धूळ बसली व्हती."

म्हटलं ठीक आहे, पुसल्याने चेपलेलं बॉनेट काही वर येत नाही. मंगळवारी पुन्हा फोन केला.

"हात नाय लावला," मामी म्हणाल्या. "धुतली फक्त. आन् सीटा उसवल्या व्हत्या, त्या शिवून काढल्या. मशीन रिकामंच व्हतं."

मी खुर्चीतून उठलो. "मामी, मामांना द्या."

"ते सोमाकडं गेले."

"कोण सोमा?"

"तो पेठ रोडचा. पत्रं ठोकणारा."

मी फोन ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा लावला. लाईन लागेना. स्टोअर्सच्या साहेबांना म्हणालो, अर्धा दिवस द्या. साहेब म्हणाले, एवढे बेअरिंग आल्याशिवाय तू कुठे जात नाहीस. मी टेबलाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई मंगळूने पायात काही गेलंय का म्हणून विचारलं. बुधवारी एकदाचे मामा फोनवर आले.

"मामा, सोमाला कशाला बोलावलं? मी सांगितलं होतं ना, जशी आहे तशी ठेवा."

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, "तुमी कागदातले हुशार. पण चाळीस वर्सं मी मार्केटात माल घेऊन जाऊ राहिलो. बघून भाव ठरवणारा माणूस मला नवा नाय. जाळीत चेपलेला टोमॅटो वर दिसला का अख्ख्या जाळीचा भाव पडतो. माल टवटवीत पाहिजे."

"अहो, पण इथे उलटं असतं! जेवढी खराब, तेवढे पैसे जास्त!"

"असं कुठं असतं का?" मामा म्हणाले, आणि मला काळजी करू नका असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझं म्हणणंसुद्धा वेड्यासारखं वाटलं.

गुरुवारी फोन बंदच होता. शुक्रवारी दुपारी तीनला निघायची परवानगी मिळवली होती. आणि सकाळी अकरा वाजता मामींचा फोन आला.

"जावईबापू, साहेब आले बरं का. लवकरच आले. चहा घेऊ राहिले. गाडी लय आवडली त्यांना."

मी मंगळूची स्कूटर घेतली आणि सुटलो. स्टोअर्सच्या साहेबांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. नाशिकरोडला पुलाखाली अडकलो, द्वारका चौकात ट्रकांच्या मध्ये अडकलो, रविवार कारंज्यापाशी एका बैलगाडीमागे अडकलो. जिथे अडकलो तिथे फोटो स्टुडिओ दिसला आणि आठवलं, आपले फोटो तयार असतील. दुरुस्तीआधीची चेपलेली गाडी तरी त्यात आहे! धावत जाऊन पाकीट घेतलं आणि न उघडताच खिशात कोंबलं.

मळ्यात पोचलो तर लिंबाखाली गाडी उभी. मी माझीच गाडी ओळखली नाही. बॉनेट सपाट, दरवाजा सरळ, दोन्ही दिवे जागेवर. पांढरा रंग जरा घराच्या भिंतीसारखा दिसत होता, पण दिसत होता छान. वरून पाण्याचे थेंब मारलेले. पुढे झेंडूचं तोरण. सर्व्हेअर साहेब हातात पॅड घेऊन गाडीभोवती फिरत होते. तिसरी फेरी असावी.

"नुकसान कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच मामा पुढे झाले. "एक डाग दाखवा, साहेब. एक."

"साहेब, नुकसान होतं," मी म्हणालो. "झाकलंय ते. म्हणजे दुरुस्त केलंय. माझ्याकडे फोटो आहेत."

पाकीट उघडलं. पहिल्या फोटोत मामा फेटा बांधून उभे होते, चेपलेल्या बॉनेटच्या बरोबर पुढे. दुसऱ्यात मामी, फुटलेल्या दिव्यासमोर, पदर सावरत. तिसऱ्यात दोघं, मागे दरवाजा असावा. चौथ्यात शेजारच्या मळ्यातल्या विमलाबाईही आल्या होत्या. एवढ्या फोटोंत गाडीचा जो भाग दिसत होता, तो चोरानेही बिघडवला नव्हता.

"फोटो चांगले आलेत," साहेब म्हणाले.

"फुटलेला दिवा आहे ना, मामी? जुना?"

"भिका भंगारवाला घेऊन गेला. लसूण दिला त्यानं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात मामांनी हात जोडले. त्यांचा आवाज बदलला होता. "साहेब, चूक माझी हाय. काचा मीच उघड्या ठेवायला लावल्या. फुलं घामेजतात म्हणून. जावईबापूंचा काय बी दोष नाय."

निष्काळजीपणा कळला की विमा बुडतो, म्हणून मी मामांच्या धोतराचा सोगा ओढत होतो, पण माणूस थांबेना. गाडी चोरीला गेल्याचं जेवढं दुःख मला झालं नव्हतं, तेवढं त्यांना झालं होतं. साहेबांनी मामांकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग तोरणाकडे.

"काचांचं मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसतं ते लिहितो. पण घराचा रंग मारलेला मला दिसतोय. दुरुस्ती झाली असेल तर गॅरेजचं बिल जोडा. विचार करू."

बिल! मला जीव आला. बिल म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे मी. तसाच पेठ रोडला सोमाकडे गेलो.

"बिल कशाचं देऊ?" सोमा म्हणाला. "मला पैसे भेटलेच नाय. गोटीरामबाबांनी टोमॅटो दिले. आन् मेथी."

"मग अंदाजे रक्कम लिही."

"मी माळकरी माणूस हाय, साहेब. खोटं लिवणार नाय."

शेवटी त्याने खरं तेच लिहून दिलं. 'बॉनेट सरळ केले, दरवाजा ठोकला, दिवा बसवला, रंग मारला. मिळाले: टोमॅटो अकरा जाळ्या, मेथी चाळीस जुड्या.' खाली सही.

मी मामांना म्हणालो, त्या अकरा जाळ्यांचे पैसे माझ्याकडून घ्या. मामा म्हणाले, जावयाकडून पैसे घेतले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सुवर्णा म्हणाली, "दादांचा माल फुकट गेला तर मला त्या गाडीत बसवणार नाही. विम्याकडून आणा, नाहीतर गाडी विका आणि विम्याचेच आले असं सांगून त्यांना द्या." सोमाचं बिल मी तीन प्रतींत विमा कंपनीला पाठवलं.

दीड महिन्याने पत्र आलं. मी उभ्या उभ्याच फोडलं.

'आपला दावा तत्त्वतः मान्य. मात्र बिलात नमूद केलेले टोमॅटो कोणत्या दिवसाच्या बाजारभावाने धरावेत, हे विमाधारकाने बाजार समितीच्या दाखल्यासह तीस दिवसांत कळवावे; मागील तारखेचा भाव धरला जाणार नाही. मेथीचा प्रश्न वरिष्ठांकडे पाठविला आहे.'

मी नाचत नाचत मळ्यात गेलो आणि मामांना पत्र वाचून दाखवलं. मामांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"दिवस आपण सांगायचा?"

"आपणच."

"मंग घाई करू नका," मामा खाटेवर मांडी घालून बसत म्हणाले. कित्येक दिवसांत ते इतके खुश दिसले नव्हते. "आज टोमॅटो कोणी फुकट घेईना. भाव चढू द्या जरा."

मी चढू दिला. अर्ज तीन प्रतींत टाईप करून ठेवला, फक्त तारखेची जागा मोकळी सोडली. रोज सकाळी मामांचा फोन यायचा. "चढू राहिला, जावईबापू. थांबा." मी थांबायचो, आणि थांबणं हे मला कधीच जमलेलं नाही. जेवताना हात घड्याळाकडे, ऑफिसात नजर फोनकडे. विसाव्या दिवशी म्हणालो, मामा, पुरे. मामा म्हणाले, माल न्यायला गुजरातच्या गाड्या लागू राहिल्या, अजून दोन दिवस. सव्विसाव्या दिवशी भाव तिप्पट होता. मी पेन उघडलं. मामा म्हणाले, हात लावू नका.

तिसाव्या दिवशी, म्हणजे आज, सकाळी सहालाच फोन वाजला. पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"मामा?"

"जावईबापू," मामा हळूच म्हणाले, "काल कळवायला पायजे व्हतं."