भाभींच्या वजनाचे तांदूळ

इब्राहिमभाईंच्या बोटीत लाईफ जॅकेट आधी तांदळाच्या पोत्याला मिळतं. उरलंच तर मला. आणि मला पोहता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

बहारीनमध्ये अरादला आमच्या वरच्या मजल्यावर ते राहतात. मूळचे दाभोळकडचे, इथे टाइल्सच्या दुकानात कारकून. त्यांच्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, हौसेने एक अमेरिकन बास बोट मागवली, दोन-चार शुक्रवार फिरवली आणि कंटाळून यांच्या गळ्यात मारली. तळ्यात मासे धरायची ती बुटकी, चपटी बोट. समुद्रात तिची आणि माझी अवस्था सारखीच.

तिला एक खोड आहे. इंजिनाने जोर धरला की आधी नाक आभाळाकडे! समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग वेग वाढला की नाक खाली येतं आणि बोट पाण्यावरून सुळकन घसरायला लागते. त्याला प्लेनवर येणं म्हणतात. इतर लोक तेवढा वेळ दम धरतात. इब्राहिमभाईंनी त्यापायी झोप घालवली.

कारण जुबेदाभाभी. लग्नानंतर एकदा खाडीत होडी अशीच उचलली गेली आणि भाभी मागे कलंडल्या. तेव्हापासून त्यांनी होडीत पाय ठेवला नाही. आता त्या पहिल्यांदाच बहारीनला यायच्या होत्या.

"तिला समुद्र दाखवायचा हाय," भाई म्हणायचे. "पण नाक वर गेलं तर खलास! बाई परत माझ्यासोबत बसायची नाय."

म्हणून पोतं. भाभींच्या वजनाचे तांदूळ भरून ते चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसवलेलं.

"भाई, पोतं पुढे ठेवा ना. नाक आपोआप दबेल."

"पुढे कशाला बसेल? ती माझ्या बाजूला बसणार!"

वजन चुकू नये म्हणून दर गुरुवारी व्हिडिओ कॉल. आवाज जिन्यापर्यंत. "जुबेदा, काट्यावर चढ. चप्पल काढ आधी!" तिकडून भाभी कडाडायच्या, "मी काय बाजारातली मासळी आहे?"

शुक्रवारी सकाळी प्रयोग. भाईंनी बॅटरी मागून पुढे नेली, इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलला, मागचा जादा नांगर काढून टाकला. मला तर अगदी टोकाला बसवलं. "यल्ला, पुढे सरक! अजून!" अजून पुढे समुद्रच होता. नाक वर गेलं की मी रामरक्षा सुरू करायचो आणि भाई पोत्याला म्हणायचे, "घाबरू नको गं."

मग भाभींचा व्हिसा आला, पण भाभी आल्या नाहीत. पोटाचं दुखणं निघालं, तपासण्या सुरू झाल्या. येणं पुढे पुढे जात राहिलं. भाई मात्र शुक्रवार चुकवत नव्हते, आणि गंमत म्हणजे बोट सुधारत चालली होती. एका शुक्रवारी तर नाक जेमतेम वर गेलं आणि लगेच खाली आलं.

"भाई, जमलं!" मी ओरडलो. "पंखा पावला!"

त्यांनी इंजिन बंद केलं. मी मागे वळून पाहिलं. पोत्यावरचं जॅकेट ढिलं होऊन घसरलं होतं.

"पंखा नाय रे," ते म्हणाले. "तांदूळ काढतोय. दर गुरुवारी थोडे थोडे. काट्यावर उतरतेय ती."

मी घसरलेलं जॅकेट पोत्यावर परत चढवलं.

त्यानंतर भाभींचं ऑपरेशन झालं. गुरुवारी जिन्यात आवाज येईना. मी दाराशी उगाच घुटमळायचो, पण वर जाऊन विचारायची छाती होत नव्हती.

गेल्या शुक्रवारी भाई हातात डबा घेऊन खाली उतरले. बोटीत पोत्याचं तोंड सोडलं, डब्यातले तांदूळ आत ओतले, तोंड बांधलं आणि जॅकेटचे पट्टे ओढून घट्ट केले.

"काल जेवली," ते म्हणाले. "पेज नाय, भाकरी. वर काट्यावरून भांडली पण."

इंजिन सुरू झालं. नाक वर गेलं. मला तर आधीसारखंच वाटलं. डबाभर तांदळाने कुठली बोट जड होते! पण भाई एक हात पोत्यावर ठेवून ओरडत होते, "बघ, बघ! खाली यायला उशीर लागतोय ना?"

"फार उशीर लागतोय, भाई," मी कठडा घट्ट धरून म्हटलं.