सात नंबरचं ट्रॉलर बेकरीसमोर

"सात नंबरचं ट्रॉलर बागेत काय करतंय?" मत्स्य खात्याच्या संचालकबाईंनी विचारलं.

संशोधिकेने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मोठ्या मासेमारी ताफ्यामुळे समुद्राच्या तळाची किती नासाडी होते, हे मोजण्यात तिने वर्ष घालवलं होतं. तळाशी जाळं ओढणाऱ्या प्रत्येक ट्रॉलरवर जागा नोंदवणारी एक डबी बसवली होती. ट्रॉलर भरधाव गेलं तर प्रवास, माणसाच्या चालीने सरकलं तर जाळं तळाशी, थांबलं तर नांगर, असा साधा हिशेब होता. माशांच्या विणीचा पट्टा हंगामभर बंद ठेवायचा की नाही, ते आज याच पुराव्यावर ठरणार होतं. अहवालात तिने सात नंबरचं कौतुकही केलं होतं. दिवसभर स्वस्थ, संध्याकाळी जेमतेम थोडं जाळं, मग निवांत नांगर. आकडे इतके गुणी, की नकाशा उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

आता सर्वांदेखत ते गुणी ट्रॉलर एका वसाहतीतून निघालं, जाळं ओढत बागेला एक फेरी मारली, रस्ता ओलांडला आणि बेकरीसमोर नांगर टाकून बसलं.

वसाहत तिचीच होती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्रॉलरवर गेलं होतं ते नुसतं कव्हर. डबी घरी चार्जिंगलाच राहिली होती. बाबांना साखरेचा त्रास, डॉक्टरांनी रोज बागेत चार फेऱ्या सांगितलेल्या. पावलं मोजायचं यंत्र आणते असं सांगून ती विसरली होती आणि बाबांनी हेच ते यंत्र समजून डबी खिशात घातली होती. डबीवर आकडा दिसत नाही, अशी तक्रार मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

तिने जे घडलं ते सांगून टाकलं. "पण बाबा बेकरीत जात नाहीत," ती गोंधळून म्हणाली. "रोज चार फेऱ्या मारतात. स्वतः सांगतात मला."

समोर बसलेला ताफ्याचा मॅनेजर खुलला. "म्हणजे वडील बागेत आणि डबी म्हणते बेकरीत. हीच डबी म्हणते, आमची जहाजं विणीच्या पट्ट्यात होती. यावर आम्ही धंदा बंद ठेवायचा का?"

"वडिलांनाच विचारा की," संचालकबाई म्हणाल्या.

तिने फोन लावून स्पीकर चालू केला.

"बाबा, संध्याकाळी तुम्ही कुठे जाता?"

"बागेत. चार फेऱ्या. घाम निघतो अगदी."

"आणि बेकरीत?"

"कुठली बेकरी?"

मॅनेजरने कागद बॅगेत भरायला घेतले.

"बाबा, नीट ऐका. तुम्ही बागेत असाल, तर माझी डबी खोटी. मग माझं वर्षभराचं काम पाण्यात. तुम्ही बेकरीत असाल, तर सगळं खरं."

बाबांनी आवाज खाली आणला.

"छकुले, तिथे आणखी कोणी आहे का गं?"

"आहेत. मोठे साहेब लोक आहेत."

बाबांनी घसा साफ केला. "मग लिहून घ्या म्हणावं. बागेला एकच फेरी. नंतर बेकरी, खिडकीजवळचं टेबल. दोन क्रीम रोल. रविवारी मित्र येतो, म्हणून तीन, आणि उठायलाही उशीर होतो."

संचालकबाईंनी चष्मा लावून नकाशावरचे रविवार तपासले. दर रविवारी सात नंबरचा मुक्काम लांबलेला होता.

"डबी चोख आहे," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "बसा. आता तुमच्या बाकीच्या जहाजांचं बोलू."

मॅनेजरने कागद पुन्हा बाहेर काढले. संशोधिकेने स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी घेऊन दाराबाहेर आली.

"झालं का गं तुझं काम?" बाबांनी हळूच विचारलं.

"झालं, बाबा."

"मग आता रागाव. बिनधास्त रागाव."

साखरेवरचं भाषण तिला तोंडपाठ होतं. पण बाबांबद्दल इतकी माया दाटून आली, की काही केल्या तिला रागावता येईना.