क्रियापदाचं शेपूट

आमच्या टाइम ऑफिसातल्या गुप्तेसाहेबांना रजेच्या अर्जात चूक सापडली की आनंद व्हायचा. अर्ज बिनचूक असला तर त्यांचा चेहरा पडायचा. तो कागद ते उलटसुलट करून बघायचे आणि बिनमिठाच्या भाजीसारखा बाजूला सारायचे.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची खोली. कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणाची शिफ्ट बदलली, कोण रजेवर आहे, हे सगळं आमच्याकडे. मी वरसेहून स्कूटरने येते, साहेब पेणहून कंपनीच्या बसने. उंच, किडकिडीत माणूस, बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची सवय. त्यांचा नियम एकच होता: अर्ज इंग्रजीत पाहिजे, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला पाहिजे. मराठीत दिला तरी रजा मिळायची, पण साहेब इतके उदास व्हायचे की माणसाला रजेचीच लाज वाटावी.

त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी क्रियापद स्वभावाने गरीब असतं. पुट, टेक, रन, पास यांच्यात अवघड काय आहे? खोडी सगळी शेपटात. मागे ऑफ, आउट, बाय, अवे लागलं की तोच शब्द भलतीकडे पळतो, आणि विषय वेळेचा असला तर हमखास पळतो. "क्रियापद बरोबर आहे, शेपूट चुकलंय," हे वाक्य आमच्या खोलीत रोज ऐकू यायचं. कामगार त्यांना पाठीमागे शेपूटसाहेब म्हणायचे. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

बॉयलरवरचा जना भोईर त्यांचा लाडका. भात आणि त्यानंतर वाल अशी घरची थोडी शेती, त्यामुळे रजा त्याला वरचेवर लागायची आणि अर्जही वरचेवर यायचे. त्याचे आजोबा वारले तेव्हा त्याने लिहिलं, 'माय ग्रँडफादर पास्ड बाय.' साहेबांनी रजा लगेच नोंदवली, पाठीवर हात ठेवला. तेरावं उरकून जना कामावर आला, तेव्हा त्याला शेजारी बसवून हलक्या आवाजात सांगितलं, की पास्ड बाय म्हणजे जवळून निघून गेले. काळ पास्ड बाय होतो, माणूस पास्ड अवे होतो. जनाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तसं बरोबरच हाय साहेब. आमचे आजोबा कुनाजवळ थांबायचेच नाय."

पॅकिंगमधल्या एकाने लग्न ठरल्याचं कळवताना 'माय मॅरेज इज पुट ऑफ' असं लिहिलं. लग्न पुढे ढकललंय तर रजा कशाला, असं साहेबांनी त्याला विचारलं, आणि तो बिचारा घाबरून सासऱ्याला फोन लावायला बाहेर पळाला. दुसऱ्या एकाने 'आय विल टेक ऑफ फ्रॉम मंडे' लिहिलं. साहेब म्हणाले, सोमवारपासून तू विमानासारखा उडणार आहेस. टेक आणि ऑफ यांच्यामध्ये टाइम बसव, म्हणजे जमिनीवर राहशील. उशिरा येणाऱ्यांना तर ते गेटवरच धरायचे. ऑन टाइम म्हणजे वेळेवर, इन टाइम म्हणजे वेळेत. आपल्या भाषेत हा फरक आईच्या दुधाबरोबर येतो, मग इंग्रजीतच का गोंधळता? कामगार मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही चुकवायचे.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. साहेब उत्तर त्याच दिवशी कधीच द्यायचे नाहीत. अर्ज वाचायचे, खूश व्हायचे, त्याची झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, "बघतो, उद्या." दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्स लाल शाईतल्या बारीक, गोल अक्षरांतल्या दुरुस्त्या घेऊन परत यायची. मग व्याख्यान. मी एकदा विचारलं, की वेळ रन आउट होते की आपण रन आउट ऑफ टाइम होतो? तेव्हाही उद्या. दुसऱ्या दिवशी चार उदाहरणांसकट उत्तर आलं: दोन्ही होतं, फक्त पहिल्यात वेळ संपते आणि दुसऱ्यात ती आपल्याकडची संपते. मला वाटायचं, माणूस उत्सुकता ताणतोय.

मागच्या वर्षी कंपनीत मोबाइलवरचं ॲप आलं. तारीख निवडायची, कारणांच्या यादीतलं एक कारण निवडायचं, बटण दाबायचं, झाली रजा. कामगार सुटले. मीही सुटले, कारण फायली लावायचं काम वाचलं.

गुप्तेसाहेब मात्र बिघडले. पहिला आठवडा ते नुसते बसून होते. मग कँटीनमध्ये फिरून लोकांना विनवू लागले, की अर्ज नको तर नको, काहीतरी लिहून द्या. गावच्या जत्रेबद्दल लिहा, गाडी चुकली त्याबद्दल लिहा. लोक हसून टाळायचे. साहेबांच्या हजेरीच्या नोंदी चुकू लागल्या. रात्रपाळीचे लोक त्यांनी दोनदा दिवसपाळीत दाखवले. एचआरच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन त्यांची तब्येत बरी आहे का, असं विचारलं. मलाही त्यांचा राग यायला लागला होता. दोन वर्षांवर निवृत्ती आलेल्या माणसाने एवढा हट्ट कशाला करावा?

त्यानंतरच्या एका रविवारी मी आणि माझा नवरा हमरापूरला गणपती ठरवायला गेलो होतो. मूर्ती ठरली, हातात वेळ होता, म्हणून पेणला साहेबांकडे डोकावलो. न कळवता गेलो, हे चुकलंच.

दार त्यांनीच उघडलं. गडबडले, पण आत घेतलं. खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, केसांची वेणी जरा वाकडी. ती पुरुषाच्या हातची होती, हे कोणाही बाईला कळलं असतं. त्यांनी मला विचारलं, मी कोणत्या वर्गातली. मी नाव सांगितलं. थोड्या वेळाने परत विचारलं, कोणत्या वर्गातली. मग खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, की संध्याकाळ झाली, मुलांना सोडायला हवं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

साहेबांनी फोल्डरमधून न तपासलेला, शेवटचा उरलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी लाल पेन उचललं, आणि माझ्यासमोर एक वेगळीच बाई बसली. पाठ ताठ झाली. नजर ओळीवरून सरसर फिरली. एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. ते बारीक गोल अक्षर मी कितीतरी वर्षं बघत होते.

"ड्रॅग ऑन लिहायला हवं, ड्रॅग आउट नाही," त्या मला म्हणाल्या. "आपण लांबवलं तर आउट. आपोआप लांबत गेलं तर ऑन. घरी दहा वेळा लिहून काढ."

"हो बाई," मी म्हटलं.

"शिपाई, पुढचा गठ्ठा आणा."

"आणतो बाई," साहेब म्हणाले आणि आम्हाला घेऊन स्वयंपाकघरात आले.

चहा टाकता टाकता त्यांनी सगळं सांगितलं. बाई पेणच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. सहा वर्षांपूर्वी विसरायला लागल्या. आधी नावं गेली, मग दिवस, मग सकाळ आणि संध्याकाळ. इंग्रजी गेलं नाही. वेळ कळत नाही, पण वेळेचं व्याकरण कळतं. साहेबांचं स्वतःचं इंग्रजी आमच्याइतकंच. ॲप आल्यावर नवे अर्ज थांबले, आणि जुने पुन्हा दिले तर बाई ओळखायच्या. काल काय जेवल्या ते आठवत नसलं तरी तपासलेला कागद कसा कोण जाणे, लक्षात राहायचा. साहेबांनी मग स्वतः खोटे अर्ज लिहून बघितले. बाईंनी सगळे एकाच अक्षरातले आहेत, मुलांनी कॉपी केली आहे, असं म्हणून ते परत पाठवले.

"तुम्हाला त्या शिपाई म्हणतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणू दे की," ते गाळणं धुता धुता म्हणाले. "शिपायाला ती दिवसातून वीस वेळा हाक मारते. नवरा असताना एवढी मारत नव्हती."

सोमवारी मी ही गोष्ट जनाला सांगितली. दुसऱ्या कोणाला सांगितली नाही. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या प्लांटला कळली. दुपारी साहेबांच्या टेबलावर चार कागद होते. वालाच्या शेंगांवर एक, बस चुकली त्यावर एक, बायको माहेरी गेली आणि तिथे रमली त्यावर दोन. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

तेव्हापासून कागद येत राहिले. पुढे वेगळीच अडचण झाली. इतके महिने दुरुस्त्या वाचून लोक सुधारले. चुका सुचेनात. जना कँटीनमध्ये बसून दुसऱ्यांना विचारायचा, की वेळ भरून काढायची तर मेक अपच्या मागे फॉर लागतं ते मला म्हाईत हाय, पण चुकीचं काय लावू? एकाने तर आपल्या दहावीतल्या मुलीला चुका करून द्यायला सांगितलं आणि तिने त्या केल्याच नाहीत.

या दिवाळीनंतर साहेबांनी चार दिवस रजा घेतली. ॲपवरून. कारणांच्या यादीतलं 'घरगुती' निवडलं होतं. परत आले ते आणखी वाळलेले दिसत होते. त्यांनी जनाला त्याचा आधीचा कागद दिला आणि हजेरी बघायला आत गेले.

जना कागद घेऊन माझ्याकडे आला. शाई लाल होती, पण अक्षर लांबट, उजवीकडे कललेलं. हजेरीच्या रजिस्टरात साहेबांचं ते अक्षर मी रोज बघते. खाली जनाने 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' असं लिहिलं होतं, अगदी बरोबर. त्यातलं मीटिंग खोडून वर मीट केलं होतं.

आम्ही दोघं त्या शब्दाकडे बघत राहिलो. साहेब बाहेर आले आणि दारातच थांबले.

जनाने कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. "चुकलंच व्हतं माझं," तो म्हणाला. "बाईंना सांगा साहेब, उद्या मोठा निबंध देतो."

"सांगतो," गुप्तेसाहेब म्हणाले.