ताइतावरचं नाव

नरेंद्रला परवापासून उचकी लागली होती आणि आज दुपारी दोनला ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. चार महिने घरी बसल्यावर आलेला हा पहिलाच. पाणी, साखर, श्वास रोखणं, सगळं झालं. कोणी आठवण काढत असेल म्हणून आईपासून जुन्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी त्याच्या बायकोने, चित्रलेखाने, इथे परदेशात, केलीव्हिलमध्ये, शेजारी राहणाऱ्या एझ्राकाकांना बोलावलं. काका अलिबागचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे आजोबा हिब्रूत ताईत लिहून देत, आणि दुखणाईतांची त्यांच्या ओटीवर रांग लागे.

काका आजोबांची पेटी घेऊनच आले. आत बोरू, शाई आणि जुन्या कागदाचे तीनच तुकडे होते.

"पूर्ण नाव सांग."

"नरेंद्र य... उक्... यशवंत दातार."

काकांनी निम्मं लिहिलं आणि कपाळाला हात लावला. "शाळेच्या फॉर्मची सवय रे. इथे बापाचं नाही, आईचं नाव लागतं. आणि ताइतात खाडाखोड चालत नाही."

"सुहासिनी," चित्रलेखाने दुसरा कागद पुढे सरकवत सांगितलं.

काका लिहिता लिहिता थांबले. "हे सासरचं की माहेरचं?"

"सासरचं. का?"

"जन्माचं लागतं. नाहीतर वर घोटाळा होऊन भलत्याच्याच मुलाची उचकी थांबायची."

दुसराही कागद गेला. आईचं नाव लग्नात बदललं होतं, एवढं नरेंद्रला माहीत होतं. आधीचं काय, हे त्याने त्रेचाळीस वर्षांत विचारलंच नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने पुण्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आई, तुझं माहेरचं... उक्... नाव काय गं?"

"कशाला? व्हिसाचं काही अडकलंय का?"

"नाही गं. ताइतासाठी."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग आई म्हणाली, "मधू. माझी आई गेल्यापासून कोणी हाक मारली नाही रे त्या नावाने. तू म्हण बघू एकदा."

"मधू," नरेंद्र म्हणाला.

सगळे पुढच्या उचकीची वाट पाहत बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती काही येईना.

काका बोरू हातात धरून गोंधळले. "आता लिहू की नको? लिहायच्या आधीच गुण आलेला मी तरी ऐकला नाही."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. "नरेंद्र, ते ताईतवाले अजून... उक्... आहेत का रे तिथे?"

काकांनी शेवटचा कागद सरळ केला. "तुझ्या आजीचं नाव विचार," ते म्हणाले. "आईच्या आईचं. माहेरचं हं."