निजामुद्दीनच्या कपाटाचा एसी

मे महिन्यातल्या घाटंजीच्या दुपारी निजामुद्दीनच्या घरातलं एक कपाट एसीत उभं असे, आणि पलीकडच्याच घरात तहसीलचे निवृत्त हेडक्लार्क श्रीकृष्णराव देवगिरकर डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलेले असत. गोष्ट एवढीच होती, पण टॉवर उभा राहिल्यापासून ती श्रीकृष्णरावांच्या पोटात दुखत होती.

कपाट म्हणजे कपड्यांचं नव्हे. निजामुद्दीनच्या परसात मोबाइलचा टॉवर होता. त्याला वीज पुरवणारी यंत्रं घराच्या कडेच्या खोलीत, माणसाएवढ्या उंच लोखंडी रॅकमध्ये बसवलेली होती. घाटंजीची लाईट कधी उसळी मारते, कधी मान टाकते, कधी येतच नाही. ती टॉवरला तशीच पाजली तर टॉवर आठवडाभर टिकायचा नाही. म्हणून रॅकच्या खणांत सरकवलेले डबे ती वीज आत घेत, गाळून-चाळून अठ्ठेचाळीस व्होल्टची एकसुरी करत, टॉवरला देत आणि उरलेली खालच्या बॅटऱ्यांत साठवत. प्रत्येक डब्याला एक हिरवा दिवा होता. या डब्यांना उकाडा सोसत नसे, म्हणून कंपनीनं खोलीला स्टॅबिलायझरसकट एसी लावून दिला होता.

"म्हणजे चार्जरच ना शेवटी!" श्रीकृष्णराव म्हणत. "मोबाइलचा चार्जर, जरासा मोठा. त्याले एसी कायले पाह्यजे? उद्या माह्या चष्म्याले कूलर लावा म्हणा!"

खरं दुखणं वेगळंच होतं. कंपनीची माणसं जागा शोधत आधी श्रीकृष्णरावांकडेच आली होती. त्यांनी किरणं, कॅन्सर आणि कायदा या तिन्ही विषयांवर त्यांना उभ्या उभ्या व्याख्यान दिलं आणि पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. ती माणसं घाम पुसत शेजारच्या दारात गेली. मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या निजामुद्दीननं त्यांना बसवलं, चहा पाजला आणि टॉवर त्याच्या परसात उभा राहिला. देखरेख त्याच्याकडे आली, किल्ली त्याच्याकडे आली. नेटवर्क जरा अडखळलं की गाव त्याच्या दारात येऊन म्हणे, "निजामभाऊ, पाहा ना जरा." श्रीकृष्णरावांना निवृत्तीनंतर भाजीवाल्याशिवाय कोणी हाक मारली नव्हती. त्यात एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं त्यांच्या अंगणाकडे तोंड करून होतं. गारवा तिकडे आणि झळा इकडे!

या आगीत त्यांच्या पत्नी रजनीबाई रोज नकळत तेल ओतत.

"आवो, निजामभाऊच्या जुबैदाच्या सयपाकघराची भिंत इतकी गार हाये म्हणून सांगू! पाठ टेकून बसलो आम्ही. डोळाच लागला माहा."

"काहून, आपल्या घराले भिंती नाहीत काय?"

"हायेत ना. भाकर थापून चिकटवा, दोन्ही बाजूनं शेकून निघन."

श्रीकृष्णरावांनी पंचा पुन्हा बादलीत बुचकळला.

अशात एके दिवशी सकाळी निजामुद्दीन किल्ली घेऊन त्यांच्याच दारात उभा राहिला. भाची अस्माचं लग्न होतं फुलसावंगीला, सगळं घर तिकडे निघालं होतं.

"बाबूजी, तुमच्याशिवाय भरवशाचा माणूस नाई इथं. किल्ली फकत ठेवून घ्या. दरवाजा मात्र उघडजा नोका. धूळ, गरमी लागली का ते डबे रुसतात. अन् काही आवाज आला त मले फोन करजा."

"मी कायले उघडतो बाप्पा!" श्रीकृष्णराव म्हणाले आणि किल्ली अशी घेतली, जणू नाइलाजानं अध्यक्षपद स्वीकारताहेत. रिक्षा वळणापलीकडे जाताच त्यांनी किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात अर्धी बाहेर दिसेल अशी अडकवली आणि बाजाराचा दिवस होता म्हणून विनाकारण बाजारातून एक चक्कर मारून आले. कुणीच काही विचारलं नाही.

दुपारी पुण्याचे व्याही आले. मुलाचे, अनिकेतचे सासू-सासरे टिपेश्वरला वाघ बघायला निघाले होते. संध्याकाळची सफारी ठरलेली होती, वाटेत जेवण देवगिरकरांकडे. लेक केतकीच्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच घाटंजीला येत होते. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर शाम त्यांना दारात सोडून म्हणाला, "मी बाजारात जेवून घेतो, निघायचं झालं की फोन मारा."

घरात कूलर होता, पण व्होल्टेज इतकं कमी की पंखा फिरण्याऐवजी विचार करत असल्यासारखा वाटे. व्याही वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागले. विहीणबाईंचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग जांभळा. शेवटी त्या म्हणाल्याच, "तुमच्याकडे एसी नाही वाटतं?"

प्रश्न साधा होता. पण श्रीकृष्णरावांच्या मनात इतके दिवस साचलेलं सगळं त्या एका प्रश्नानं ढवळून निघालं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"आहे ना! पलीकडच्या खोलीत आहे. तिकडेच बसू चला."

रजनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या काही बोलणार, तोच ते पाहुण्यांना घेऊन दाराबाहेर पडलेसुद्धा.

कुलूप उघडलं आणि आतून अशी गार झुळूक आली की व्याह्यांनी डोळेच मिटले. श्रीकृष्णरावांनी सतरंजी अंथरली, रिमोट घेऊन एसी आणखी खाली उतरवला आणि भिंतीला टेकून बसले.

"हे काय आहे हो?" विहीणबाईंनी रॅककडे बोट दाखवलं.

"हे? आमचं घरचं पॉवर युनिट. बाहेर लाईट असो नसो, आपल्याला फरक पडत नाही."

"बघा!" विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि आपल्या सोसायटीला साधा जनरेटर जमत नाही!"

व्याह्यांच्या नजरेत त्या वेळी जे उमटलं, ते श्रीकृष्णरावांनी लगेच ओळखलं. ही नजर त्यांची रोजची होती, आरशातली. पण दुसऱ्याच्या डोळ्यांत, आणि तीही आपल्यासाठी! त्यांना उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता जेवणही इथंच व्हायला हवं होतं. रजनीबाई दात-ओठ खात आमरसाचं पातेलं, पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन येरझाऱ्या घालू लागल्या. दर फेरीला दार उघडं राही आणि बाहेरची झळ आत येई. तेवढ्यात श्रीकृष्णरावांना आणखी एक गोष्ट सुचली.

"कुरडया इथंच तळ. विजेची शेगडी आण. गरम गरम वाढू."

"आवो, पण निजामभाऊंनी..." रजनीबाई पुटपुटल्या.

"आण म्हणतो ना!"

शेगडी बॅटऱ्यांच्या पेटीवर ठेवली गेली. तिची पिन एसीच्याच बोर्डात खुपसली गेली. पहिली कुरडई फुलली, दुसरी फुलली, तिसरी अर्धवट फुलली आणि खट्ट आवाज होऊन एसी बंद पडला.

"काही नाही, बटण पडलं असेल," म्हणत श्रीकृष्णरावांनी भिंतीवरची पेटी उघडली. आत बटणांची रांगच होती. एक वर केलं, काही झालं नाही. दुसरं खाली केलं, काही झालं नाही. तिसरं मोठं होतं, म्हणून ते सगळ्यात कामाचं असणार असं ठरवून त्यांनी तेही खाली ओढलं. एसी आला नाहीच, पण रॅकवरचे सगळे हिरवे दिवे एकदम विझले, एक लाल दिवा पेटला आणि कपाटातून बारीक शिटी सुरू झाली.

"हे लाल झालं," व्याही म्हणाले.

"तसंच असतं ते. आराम करतंय."

"आणि शिट्या का मारतंय?"

"ते... आराम झाला की बंद होईल."

मोठं बटण म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेचं होतं. डबे उपाशी पडले आणि टॉवरचा सगळा भार खालच्या बॅटऱ्यांवर आला. बॅटऱ्या बिचाऱ्या म्हातारकीला लागलेल्या. खोली तापत चालली, विहीणबाई पुन्हा गुलाबी होऊ लागल्या. निजामुद्दीनला फोन करावा असं श्रीकृष्णरावांच्या मनात येत होतं, पण व्याह्यांसमोर आपल्याच घरच्या कपाटाबद्दल शेजाऱ्याला काय विचारणार? ते आमरस वाढत राहिले. असा बराच वेळ गेला आणि मग शिटी आपसूक थांबली.

"बघा!" श्रीकृष्णराव विजयानं म्हणाले. "झाली की नाही बंद?"

शिटी थांबली होती, कारण बॅटऱ्या संपल्या होत्या. आणि त्याच क्षणी बाजारातून एक गलका उठला.

व्याही ड्रायव्हरला फोन लावू लागले. "लागत नाहीये. सफारीची वेळ होत आली की हो!" श्रीकृष्णरावांनी आपला फोन काढला, निजामुद्दीनचा नंबर दाबला. नेटवर्क नव्हतं. नेटवर्क कुठून असणार? ते त्यांच्याच समोर लोखंडी अंग घेऊन गप्प उभं होतं. हे लक्षात येताच त्यांनी फोन गुपचूप खिशात घातला.

बाजारात लोक मोबाइलवरून पैसे देत होते ते अडले. आंबे पिशवीत पडले होते पण त्यांची रक्कम हवेत लोंबकळत होती. गिऱ्हाईक म्हणे दिले, विकणारा म्हणे आले नाहीत. थोड्याच वेळात तो सगळा तंटा निजामुद्दीनच्या दारावर येऊन धडकला.

"निजामभाऊ! ओ निजामभाऊ! टावर काहून बंद पडला?"

"आतमंदी कोणी तरी हाये. तळणाचा वास येऊन राह्यला!"

श्रीकृष्णरावांनी आतून कडी लावली. अंधाऱ्या, तापलेल्या खोलीत चौघंजण आमरसाच्या वाट्या हातात धरून बसले. "तुमच्याकडे जेवायच्या वेळी नेहमी असं होतं का?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

मग बाहेर जीप थांबली. टॉवर कंपनीच्या इंजिनिअर रुपाली मॅडम यवतमाळहून आल्या होत्या. दार उघडं राहिलं, खोली तापली, वीज तुटली, या तिन्ही तक्रारी टॉवरनं जीव जायच्या आधी त्यांच्याकडे पोचवल्या होत्या. त्यांनी दार वाजवलं. रजनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही, सरळ उठून कडी काढली.

रुपाली मॅडमनी सतरंजी पाहिली, पातेलं पाहिलं, बॅटऱ्यांवरची कढई पाहिली. पाठीमागून अर्धा बाजार डोकावत होता.

"निजामुद्दीन कुठे आहेत? खोली भाड्यानं देतात का ते लोकांना? आजपासून त्यांची देखरेख बंद. टॉवरसाठी दुसरी जागा बघावी लागेल." मग श्रीकृष्णरावांकडे वळून, "तुम्ही शेजारी राहता ना? तुमची जागा आहे का?"

इतक्या दिवसांचं स्वप्न असं पायाशी येऊन पडलं होतं. टॉवर, एसी, किल्ली, गावाच्या हाका, सगळं. नुसतं गप्प राहायचं होतं. पण तेवढ्यात व्याही गोंधळून म्हणाले, "दुसरी जागा कशाला? हे युनिट यांच्याच घरचं आहे की!"

श्रीकृष्णरावांनी हातातली आमरसाची वाटी खाली ठेवली. कपाट आपलं म्हणावं तर बाजार फाडून खाईल. निजामुद्दीनचं म्हणावं तर व्याह्यांपुढे नाक कापलं जाईल. आणि गप्प बसावं तर, 'तुमच्याशिवाय भरवशाचा माणूस नाई' म्हणून किल्ली देऊन गेलेला माणूस भाचीच्या लग्नात जेवत असताना इकडे त्याच्या पोटावर पाय येणार होता. ते दोनदा खाकरले.

"मॅडम, निजामुद्दीनची काही चूक नाही. त्यानं बजावून सांगितलं होतं, दार उघडू नका म्हणून. माझं काही नाही यातलं, व्याहीबुवा. कपाट त्याचं, एसी त्याचा. माझी फक्त शेगडी. मले त्याचा हेवा वाटत होता, म्हणून हे सगळं."

मग बाजारातली एक आंबेवाली म्हणाली, "थे समदं ठीक हाये, पण माहे पैशे कवा येतीन?"

रुपाली मॅडमनी शेगडीची पिन उपटली आणि पेटीतली बटणं पटापट वर केली. डबे घुर्रकन जागे झाले, एकामागून एक हिरवे दिवे लागले, एसी सुस्कारला. थोड्या वेळानं दारातल्या सगळ्या गर्दीच्या खिशांत एकदम घंटा, गाणी, आरत्या वाजू लागल्या. मॅडमनी श्रीकृष्णरावांना फारसं काही सुनावलं नाही. "निजामुद्दीनना राहू दे. किल्ली मात्र मी नेते," एवढंच म्हणाल्या. त्यांचं जेवण झालं नव्हतं म्हणून रजनीबाईंच्या आग्रहानं एक वाटी आमरस पिऊन गेल्या, तोही बाहेर अंगणात उभ्यानं.

सफारी हुकली ती हुकलीच. पुढची मिळाली ती परवाची, त्यामुळे पाहुण्यांना देवगिरकरांकडेच राहावं लागलं. श्रीकृष्णराव मान खाली घालून त्यांच्या गाद्या गच्चीवर टाकायला गेले, तेव्हा व्याही मागोमाग आले.

"एक सांगू? एसी आमच्याकडेही नाही. तुमच्याकडे आहे म्हटल्यावर आमच्या हिनं माझ्याकडे असं पाहिलं ना, की मलाच तुमचा राग आला होता. आता बरं वाटतंय."

दोन रात्री ते ओल्या चादरी पांघरून गच्चीवर झोपले, तिसऱ्या दिवशी वाघ बघून पुण्याला गेले.

निजामुद्दीन लग्नाहून परतला तेव्हा श्रीकृष्णराव ओसरीवर शिव्या ऐकायच्या तयारीनं बसले होते. बातमी त्याला फुलसावंगीतच पोचली होती. तो आला आणि समोर बसला.

"बोल बाप्पा, काय बोलायचं ते," श्रीकृष्णराव म्हणाले.

"काय बोलू बाबूजी? तुमी सगळ्याईसमोर माही बाजू घेतली. ते झालं." निजामुद्दीननं टोपी काढून घाम पुसला. "पण एक खरं सांगा. तुमचे पुण्याचे समधी दोन रात्री राह्यले म्हणतात?"

"हो. राहिले."

"अन् जेवले?"

"जेवले ना."

निजामुद्दीननं लांब उसासा सोडला. "आमच्या पोरीचे, रुबीनाचे सास-ससुर पुसदचे. पुण्याहून कितीतरी जवळचे, पण टावर लागल्यापासून उंबरा नाई चढले. म्हणतात, त्या घरी पाय ठेवला का किरणाईनं डोकं धरते. जुबैदा ईदले शीरखुर्मा करून वाट पाह्यते, अन् थे तिकडूनच फोनवर मुबारक म्हणतात. टावर हाये न घरी, आवाज मात्र लय साफ येते." तो खिन्नपणे हसला. "खोटं नाई सांगत बाबूजी, तुमच्या इथं पाहुणे राह्यले आयकलं अन् मले असं जळजळलं ना इथं!" त्यानं छातीवर हात ठेवला.

श्रीकृष्णरावांच्या मनात आधी दया आली, खरोखर आली. पुढल्या ईदला पुसदला स्वतः जाऊन त्या लोकांना घेऊन यायचं, किरणांबद्दल आपण गावभर काय काय बरळलो होतो ते सगळं खोडून काढायचं, असंही त्यांनी ठरवलं. पण ते नंतर. आत्ता त्यांनी रजनीबाईंना दोन चहा टाकायला सांगितलं आणि खुर्ची निजामुद्दीनच्या अगदी जवळ ओढली.

"विहीणबाईंनी ना निजामुद्दीन, आमरसाची दुसरी वाटी मागून घेतली. मागून!"

"मागून?" निजामुद्दीनचा चेहरा कसनुसा झाला.

"मंग! थांब, असं नाही, पहिल्या पोळीपासून सांगतो," श्रीकृष्णराव म्हणाले आणि मांडी घालून बसले.